कीटकाला दुखते का, हे कसे विचारावे

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी रोज सकाळी फळमाश्या निवडत असे. रात्रीतून कोषाबाहेर आलेल्या माश्यांची बाटली घ्यायची, तीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, माश्या निपचित पडल्या की त्या सच्छिद्र पॅडवर ओतायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने नर एका बाजूला व माद्या दुसऱ्या बाजूला करायच्या. 25 अंश सेल्सिअसला वाढवलेल्या माश्यांच्या बाबतीत हे काम कोषाबाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत उरकावे लागते, कारण त्यानंतर मादीचे मीलन झालेले असू शकते आणि मग ती संकरासाठी उपयोगाची राहत नाही. अगदी नव्या मादीच्या फिकट पोटातून एक काळसर ठिपका दिसतो, आणि तो दिसला की तिच्याबद्दल शंका उरत नाही. मोजणी संपली की नको असलेल्या माश्या अल्कोहोलच्या बाटलीत जात. फळमाशीवर काम करणारे लोक त्या बाटलीला 'मॉर्ग', म्हणजे शवागार, म्हणतात; आम्हीही म्हणत असू.

एका सकाळी वायूची नळी सैल झाली आणि पॅडवरच्या काही माश्या वेळेआधी जाग्या झाल्या. त्यांतल्या एकीच्या डाव्या स्पर्शिकेला माझ्या ब्रशच्या दांड्याचा धक्का लागला होता. ती उडून गेली नाही. पुढचे दोन पाय उचलून ती डोक्याची तीच बाजू पुसत राहिली. थांबे, चार पावले चाले आणि पुन्हा पुसू लागे. मी बराच वेळ पाहत राहिले आणि मग तिला बाटलीत ढकलले, कारण ती मादी आता खात्रीची राहिली नव्हती. प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारले, तेव्हा उत्तर आले की ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तीत जाणीव वगैरे काही नसते. ते उत्तर मी तेव्हा स्वीकारले, आणि त्यात त्या सहकाऱ्याचा दोष नव्हता, कारण त्या काळी बहुतेक सगळे जण तेच मानत होते. शिवाय भुलीतून उठणारी माशी अंग पुसतेच, त्यामुळे त्या एका माशीवरून खरे तर काहीच सिद्ध होत नव्हते. मात्र प्रश्न मनात राहिला, आणि गेल्या काही वर्षांत तो विचारण्याच्या पद्धतीत जो बदल झाला आहे त्याबद्दल लिहावे असे फार दिवसांपासून वाटत होते.

सुरुवात एका भेदापासून करावी लागते. इजा करणाऱ्या गोष्टीची शरीराने नोंद घेणे वेगळे आणि ती गोष्ट दुखणे वेगळे. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात मागे येतो; तो आदेश मज्जारज्जूतून सुटलेला असतो, आणि दुखल्याची जाणीव मेंदूत क्षणभराने उमटते. पहिल्या क्रियेला मी इथे वेदनाग्रहण म्हणेन आणि दुसरीला वेदना. कीटकांमध्ये वेदनाग्रहण असते याबद्दल आता वाद नाही. फळमाशीच्या अळीला तापलेल्या सळईचे टोक लावले तर ती स्वतःच्या लांबीभोवती गरगर लोळते; एरवी ती असे कधीच करत नाही. ज्या अळ्या अशा लोळत नाहीत त्यांच्यातून एक जनुक 2003 साली शोधले गेले आणि त्याचे नाव 'पेनलेस' ठेवले गेले. नाव वेदनेचे असले तरी शोध वेदनाग्रहणाचा होता, आणि ही गल्लत नंतरच्या लेखनात पुष्कळदा झालेली दिसते. अळी लोळते एवढ्यावरून तिला दुखते असे म्हणता येत नाही. पण त्याच न्यायाने, माणसाचा हात तव्यावरून आपोआप मागे येतो म्हणून माणसाला दुखत नाही असेही कुणी म्हणत नाही.

'दुखत नाही' या बाजूचा सर्वांत वजनदार लेख 1984 साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातल्या कीटकशास्त्रज्ञांनी त्यात जी उदाहरणे दिली ती विसरता येत नाहीत. पायाचा शेवटचा भाग चिरडला गेला तरी कीटक त्याच पायावर तेवढाच भार देऊन चालत राहतो, लंगडत नाही. खंडोबाचा घोडा टोळाला खात असतो आणि तो टोळ स्वतः आपले खाणे चालू ठेवतो. खंडोबाच्या घोड्याच्या नराला मादी खात असतानाही त्याचे मीलन थांबत नाही. कुठलाही सस्तन प्राणी असे वागेल अशी कल्पनाही करवत नाही, आणि म्हणून निष्कर्ष असा निघाला की इथे वेदना नसावी. पुढची अनेक वर्षे पाठ्यपुस्तकी उत्तर हेच होते. मला मिळालेले उत्तरही तिथूनच झिरपत आलेले असणार.

या उदाहरणांनी मलाही बराच काळ समाधान दिले. आता मात्र त्यांतली मेख स्पष्ट दिसते. आपल्याला दुखले की आपण काय करतो, ते कीटकाने केले नाही, एवढेच ही उदाहरणे सांगतात. लंगडणे हा चार किंवा दोन पायांच्या, आत हाडे आणि बाहेर मऊ मांस असलेल्या शरीराचा उपाय आहे. सहा पायांच्या, बाहेरून कवच असलेल्या आणि काही आठवड्यांचे आयुष्य असलेल्या जिवाला तो परवडेलच असे नाही. शिवाय जखमेकडे दुर्लक्ष होणे म्हणजे जखम कधीच न जाणवणे असेही नव्हे. रणांगणावर किंवा अपघातात जखमी झालेल्या माणसाला कित्येकदा ती जखम नंतर कळते, कारण मेंदू खालून येणारा संदेश वरून दाबून ठेवू शकतो. कीटकांतही असे दाबणे चालते याचे पुरावे आहेत: मधमाशी डंख मारताना जो धोक्याचा गंध सोडते, तो हुंगलेल्या इतर माश्यांची इजाकारक गोष्टींना होणारी प्रतिक्रिया मंदावते. लढायची वेळ आली की जखमेची दखल कमी घेतली जाते, असा त्याचा अर्थ लावता येतो. ज्या चेतासंस्थेला वेदनाग्रहणाची पातळी प्रसंगानुसार कमी-जास्त करता येते, तिच्याबद्दल 'नुसती प्रतिक्षिप्त क्रिया' हे शब्द अपुरे पडतात.

त्याच लेखाच्या निष्कर्षाला दुसरा धक्का फळमाशीकडूनच बसला. 2019 साली सिडनी विद्यापीठातल्या गटाने दाखवले की माशीचा एक पाय कापला आणि जखम पूर्ण भरू दिली, तरी नंतर ती माशी एरवी त्रास न देणाऱ्या उबेपासूनही पळू लागते. पाहणाऱ्यांना याचे कारण मध्यवर्ती चेतासंस्थेत सापडले: वेदनाग्रहणाच्या संदेशांना लगाम घालणाऱ्या चेतापेशी इजेनंतर मरून गेल्या होत्या. माणसांच्या दीर्घकालीन चेतावेदनेतही असाच लगाम सुटतो. याचा अर्थ माशी महिनोन्महिने कुढत असते असा मी काढत नाही. पण 'जखम झाली, पाय गेला, माशी पूर्ववत झाली' हे चित्र चुकीचे होते, एवढे नक्की.

इथून पुढचा विचार करण्यासाठी आधी कीटकाला जग कसे लागते ते पाहावे लागते, आणि हा भाग मला स्वतःला सर्वांत जास्त प्रिय आहे. कामकरी मधमाशीच्या एका डोळ्यात पाच हजारांच्या आसपास नेत्रिका, म्हणजे मोठ्या डोळ्यातले चिमुकले सुटे डोळे, असतात, चतुराच्या डोळ्यात त्या तीस हजारांपर्यंत जातात. पण एवढ्या नेत्रिका असूनही त्यांना दिसणारे चित्र आपल्या तुलनेत फार धूसर असते. त्यांची कमाई वेगात असते. दिव्याची उघडझाप सेकंदाला पन्नास-साठ वेळांच्या पुढे गेली की माणसाला तो अखंड तेवताना दिसतो. वेगवान माश्यांना मात्र सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा होणारी उघडझापही सुटी सुटी दिसते. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या धाटणीच्या ट्यूबलाइटच्या नळ्या होत्या, ज्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आम्हाला तो शांत पांढरा प्रकाश वाटे. बाटलीतल्या माश्यांना ती खोली दिवसभर फडफडताना दिसत असावी, हे लक्षात यायला मला पुढे कितीतरी वर्षे लागली. त्या फडफडीचा माश्यांना त्रास होत होता की नाही, हा पुढचा प्रश्न. पण त्यांच्या कल्याणाबद्दल बोलताना आपण कुठल्या खोलीबद्दल बोलत आहोत, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

मधमाशीला रंग दिसतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 साली दाखवले. निळ्या पुठ्ठ्यावर साखरपाणी ठेवून माश्यांना तिथे यायची सवय लावली आणि मग राखाडी रंगाच्या फिकट ते गडद अशा अनेक पुठ्ठ्यांमध्ये एकच निळा पुठ्ठा ठेवला. माश्या निळ्यावरच आल्या. फॉन फ्रिश यांना 1973 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याही आधी, 1910 साली, चार्ल्स टर्नर या कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञाने मधमाश्यांच्या रंगदृष्टीवर प्रयोग प्रसिद्ध केले होते. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट असूनही त्यांनी आयुष्याचा मोठा काळ सेंट लुईसमधल्या एका माध्यमिक शाळेत शिकवण्यात घालवला आणि एकूण सत्तरहून अधिक शोधनिबंध लिहिले. कीटक हे ठोकळेबाज यंत्र नाही, तो शिकतो आणि एकेक कीटक वेगळा वागतो, हे टर्नर सांगत होते. त्यांचे म्हणणे शंभर वर्षे मागे पडले याची मला खरोखर हळहळ वाटते.

बाकीची ज्ञानेंद्रिये तर आपल्या कल्पनेबाहेर विखुरलेली आहेत. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात. माशी आणि फुलपाखरू पायांनी चव घेतात. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवले की बंबलबी, म्हणजे मधमाशीची जाडजूड, लवदार नातलग, फुलाभोवतीचे विद्युत क्षेत्र ओळखते, आणि पुढे असेही दिसले की या कामी तिच्या अंगावरची लव उपयोगी पडते. रेशीमपतंगाचा नर मादीचा गंध स्पर्शिकांनी इतक्या विरळ प्रमाणात हेरतो की तो गंधद्रव्य म्हणून वेगळा काढण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनांट यांना सुमारे 5 लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या. हे काम 1959 साली पूर्ण झाले. त्या आकड्यावर मी दर वेळी अडखळते. एका जिवाची संवेदना किती सूक्ष्म आहे हे समजून घेण्यासाठी त्याच जातीचे पाच लाख जीव खर्ची पडले, आणि त्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

स्पर्शिका हे या सगळ्यांतले मध्यवर्ती इंद्रिय आहे. गंध, स्पर्श, ओलावा, हवेची हालचाल असे पुष्कळ काही तिच्यावाटे आत येते. माझ्या ब्रशचा धक्का जिथे बसला ती जागा माणसाच्या त्वचेवरच्या कुठल्याही जागेसारखी नव्हती, हे मी आता समजते.

मग वेदनेचा प्रश्न नीट कसा विचारायचा? प्रतिक्षिप्त क्रियेला जे जमत नाही ते कीटकाला जमते का, असे विचारायचे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिटका यांच्या प्रयोगशाळेने 2022 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत आदर्श वाटतो. बंबलबींपुढे साखरपाण्याची चार पात्रे होती, आणि त्यांच्या जागा रंगांनी ओळखता येत होत्या. दोन पात्रांत नेहमी 40 टक्के साखरेचे पाणी. उरलेल्या दोन पात्रांत कधी तेवढेच गोड, कधी 30, 20 किंवा 10 टक्क्यांचे. माश्यांना हे पुरते ठाऊक झाल्यावर गोड पात्रांखालची जागा 55 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. दोन्हीकडे सारखीच साखर असेल तेव्हा माश्यांनी तापलेली पात्रे टाळली. पण गार पात्रांतले पाणी जसजसे फिके होत गेले, तसतशा त्या चटका सोसून गोड पाण्याकडे जाऊ लागल्या. सोसणे हा शब्द मी जाणून वापरते आहे, पण त्यावर कुणी आक्षेप घेतला तरी मुद्दा उरतोच: उष्णतेपासून दूर होणे ही आपोआप घडणारी क्रिया असती, तर गोडीच्या प्रमाणात ती कमी-जास्त झाली नसती. आणि माशी हा निर्णय रंग आठवून घेत होती. म्हणजे गोडीचा लाभ आणि चटक्याचा तोटा हे दोन्ही मेंदूत एका तराजूत येत होते.

त्याच गटाचा 2024 चा प्रयोग वाचला तेव्हा मी पॅडवरच्या त्या माशीकडे परत गेले. बंबलबीच्या एका स्पर्शिकेला 65 अंश सेल्सिअसला तापवलेले टोक क्षणभर लावले. दुसऱ्या गटाला तेच टोक न तापवता लावले. तिसऱ्या गटाला काहीच लावले नाही. चटका बसलेल्या माश्यांनी पहिल्या दोन मिनिटांत नेमकी तीच स्पर्शिका अधिक पुसली. नुसता स्पर्श झालेल्यांनी तसे केले नाही. भुलीतून उठलेली माशी, धक्का लागलेली माशी आणि काहीच न झालेली माशी यांची अशी तुलना मी तेव्हा केली नव्हती, करण्याचे सुचलेही नव्हते. मी एक माशी पाहिली, एक उत्तर ऐकले आणि कामाला लागले.

वेदनेखेरीज मनःस्थितीचाही शोध सुरू आहे. न्यूकॅसल विद्यापीठात 2011 साली मधमाश्यांना आधी एका गंधामागे साखर व दुसऱ्या गंधामागे कडू चव येते हे शिकवले. मग काही माश्यांना मिनिटभर जोरात हलवले, जणू कुणी पोळ्यावर हल्ला केला आहे. नंतर दोन गंधांच्या अधल्यामधल्या मिश्रणांपुढे हललेल्या माश्या सोंड बाहेर काढायला कचरल्या. संदिग्ध गोष्टीतून वाईटच निघेल असा त्यांचा कल दिसला. चिंताग्रस्त माणसांतही हाच कल मोजला जातो. 2022 च्या आणखी एका प्रयोगात 45 बंबलबींनी कुठलेही बक्षीस नसताना लाकडी गोळे ढकलत नेले, काहींनी एकदाच तर एकीने 117 वेळा, आणि तरुण माश्यांनी ते अधिक केले. याला खेळ म्हणायचे की नाही यावर मतभेद आहेत. मला ते खेळासारखेच वाटते, पण वेदनेच्या प्रश्नाइतके त्यावर काही अवलंबून नाही, म्हणून पुढे जाते.

'एवढ्याशा मेंदूत हे मावेल कसे' असा आक्षेप नेहमी येतो. मधमाशीच्या मेंदूत सुमारे 10 लाख चेतापेशी असतात, माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात 1,39,255 चेतापेशी आणि त्यांच्यातले 5 कोटींहून अधिक जोड आहेत. संख्येची ही दरी मोठी आहे हे कबूल, पण अनुभव येण्यासाठी किती चेतापेशी लागतात याचा आकडा कुणाहीकडे नाही, आणि त्या जोडल्या कशा आहेत हे किती आहेत यापेक्षा अधिक महत्त्वाचे असण्याचा संभव आहे. कीटकांच्या मेंदूचे अभ्यासक अँड्र्यू बॅरन आणि तत्त्वज्ञ कॉलिन क्लाइन यांनी 2016 साली असे मांडले की शरीर कुठे आहे, कशाकडे जाते आहे आणि त्याला काय हवे आहे, हे एकत्र बांधणारी मेंदूची मधली रचना सस्तन प्राण्यांत जे काम करते तेच काम कीटकाच्या मेंदूतली रचनाही करते. हा युक्तिवाद मला पूर्ण पटलेला नाही. समान काम म्हणजे समान अनुभव, ही उडी त्यात आहेच. तरीही 'मेंदू लहान, म्हणून आत कुणी नाही' या जुन्या समजुतीपेक्षा तो कितीतरी जबाबदार आहे.

ब्रिटनमध्ये 2022 साली प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा जो कायदा झाला, त्यात पृष्ठवंशी प्राण्यांबरोबर ऑक्टोपसवर्गीय मृदुकाय प्राणी आणि खेकडे-शेवंडांसारखे दहापायी कवचधारी आले, कारण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जोनाथन बर्च यांच्या गटाने आठ कसोट्या ठरवून त्यांच्याबद्दलचा पुरावा 2021 साली तपासला होता. कीटक त्या कायद्यात नाहीत. पण त्याच आठ कसोट्या 2022 साली कीटकांना लावून पाहिल्या, तेव्हा प्रौढ माश्या-डास यांचा गण आणि झुरळे-वाळवी यांचा गण आठांपैकी सहा कसोट्यांवर उतरले. इतर गणांबद्दलचा पुरावा कमी होता, पण एखादा गण एखाद्या कसोटीवर नापास झाला असे कुठेच ठामपणे दिसले नाही. एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जाहीर झालेल्या निवेदनात शास्त्रज्ञ व तत्त्वज्ञांनी कीटकांना जाणीव असण्याची वास्तविक शक्यता आहे, असे स्पष्ट लिहिले. शक्यता हाच शब्द योग्य आहे. त्याहून जास्त म्हणायला पुरावा नाही आणि त्याहून कमी म्हणणे आता प्रामाणिकपणाचे राहिलेले नाही.

1984 च्या ज्या लेखाने वेदना नाकारली, त्याच्या शेवटच्या परिच्छेदात काय आहे हे फार थोडे लोक सांगतात. इजा करणारे काम करण्यापूर्वी कीटकाची चेतासंस्था बधिर करावी, असा सल्ला त्या लेखकांनी दिला. त्याने काम सोपे होते, वेदनेची उरलेली शक्यताही टळते, आणि प्रयोग करणाऱ्याच्या मनात सजीवाबद्दलचा आदर टिकून राहतो, असे त्यांनी लिहिले. हा परिच्छेद मला विद्यार्थी असताना कुणी वाचून दाखवला असता तर बरे झाले असते. वायूची नळी तपासणे, मॉर्गमध्ये फक्त पूर्ण भुलीत असलेल्या माश्याच टाकणे, एवढ्याला दिवसाची पाच मिनिटेही लागत नाहीत.

प्रयोगशाळेबाहेर मात्र पाच मिनिटांनी भागत नाही. पशुखाद्यासाठी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या आणि पिवळ्या मीलवर्म अळ्या कारखान्यांत वाढवल्या जातात, आणि दरवर्षी अशा शेतीतल्या कीटकांची संख्या एक लाख कोटीच्या घरात असल्याचा अंदाज आहे. त्यांना गोठवून, उकळत्या पाण्यात टाकून, भाजून किंवा दळून मारतात. पुरेसे बारीक आणि वेगाने दळले तर बहुतेक अळ्यांना मृत्यू क्षणात येतो; दळण जाडसर राहिले किंवा वेग कमी पडला तर काही अळ्या अर्धवट चिरडलेल्या राहतात. दळण किती बारीक हवे आणि यंत्राचा वेग किती हवा यांवर नियम करता येतील, त्यासाठी जाणिवेचे कोडे सुटण्याची वाट पाहण्याची गरज नाही. अडचण दुसरीच आहे. वर सांगितलेले जवळजवळ सगळे चांगले प्रयोग प्रौढ कीटकांवर झाले आहेत, कारण प्रौढ माशीला रंग शिकवता येतो, पात्रे निवडायला लावता येतात, आणि कुठली स्पर्शिका किती वेळा पुसली हे मोजता येते. कारखान्यात मरतात त्या अळ्या. लाखोंच्या गर्दीत, अंधारात, एकमेकींच्या उबेत राहणाऱ्या अळीला गोड आणि चटका यांच्यात निवड करायला लावणारा प्रयोग कसा रचायचा, तिला हवे ते काय आणि नको ते काय हे तिच्याच इंद्रियांच्या भाषेत कसे विचारायचे, हे काम आता तातडीने व्हायला हवे आहे.